उलाळ

आठवणी लिहायचं तुझं वय नाही, असं मला सांगणारे पुष्कळ भेटतात. डोक्यात पांढरा केस दिसत नाही आणि निघाली आत्मचरित्र लिहायला. त्यांना मी विचारते, तुम्ही मुळशीत राहता का? आमच्याकडे माणूस म्हातारा व्हायच्या आत त्याच्या आठवणीतली जागा प्लॉट पाडून विकलेली असते. ज्या बांधावर बसून मी करवंदं खाल्ली तिथं आज कुणाचा तरी पोहायचा तलाव आहे, आणि फाटकावरचा वॉचमन मला हिंदीत विचारतो, किसके यहाँ जाना है. तेव्हा जे लिहायचं ते ओलं आहे तोवर लिहून ठेवलेलं बरं. शाई वाळायची वाट बघत बसायची सवय आमच्या घरात कुणालाच नव्हती.

आमचं घर म्हणजे पुढची खोली छापखाना आणि मागची खोली संसार. अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, पायानं चालवायचं जुनं ट्रेडल मशीन पुढच्या खोलीत होतं. पोटासाठी ते लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तकं छापत आणि जिवासाठी पत्रकं. जमिनी विकू नका. ओढ्यात सोडलेलं कारखान्याचं पाणी बंद करा. शाळेला मास्तर द्या. मशीनचा खटक-खट खटक-खट आवाज हेच माझं अंगाईगीत. तो थांबला की मला जाग यायची. फडताळात पत्रक अंथरलेलं, भाकरीच्या टोपलीत पत्रक, सुकट बांधलेली पत्रकातच, त्यामुळे आमच्या घरात क्रांतीला कायम सुकटीचा वास येत असे. मी वाचायला शिकले ती छपाईच्या शिशाच्या खिळ्यांवरून, म्हणजे उलटी. पहिलीत बाईंनी पाटीवर 'ग' काढायला सांगितला तर मी आरशातला काढून दाखवला. माझं नावही क्रांती, ते अण्णांनीच ठेवलेलं. गावाला ते जड गेलं. गाव मला किरांती म्हणायचं, आणि आई चिडली की किरांते.

अण्णांचा एक नियम होता. पत्रकाच्या शेवटी मागणी हवी. वर कितीही जळजळीत लिहा, शेवटी काय पाहिजे ते एका ओळीत सांगता आलं नाही तर ते पत्रक नव्हे, रडगाणं. मी शाळेतून रडत आले तरी ते आधी विचारायचे, "मागणी काय?" आईला या सगळ्याचं फार कौतुक नव्हतं. "जागे व्हा, जागे व्हा म्हून छापतोय," ती भाकरी थापता थापता म्हणायची, "आन सोता आठ वाजता उटतोय." अण्णा हसायचे. ते आईच्या बोलण्यावर कधी रागावलेले मला आठवत नाहीत. नाचणीची भाकरी, हुलग्याचं कढण आणि आंबेमोहोराची कणी, हे आमचं जेवण. अख्खा तांदूळ बंगलेवाले घेऊन जात, कणी आमच्याकडे उरे. आजही मला अख्ख्या दाण्याच्या भातात चव लागत नाही. कणीचा तो चिकट, गरम वास आला की मला आमची मागची खोली आठवते आणि चुलीपाशी एक पाय दुमडून बसलेली, मनगटाला ग्रीस लागलेली आई.

ग्रीस, कारण आई गाडी चालवायची. अण्णांचे थोरले भाऊ, आमचे तात्या, यांचा मांडव डेकोरेशनचा धंदा होता. त्यांच्याकडे एक पिकप होती आणि पिकपच्या मागच्या हुकाला जोडायची दोन चाकांची लोखंडी ट्रॉली, पिरंगुटच्या एका वेल्डरकडून बनवून घेतलेली. कापड आणि खुर्च्या पिकपमध्ये, मांडवाचे पाइप आणि जनरेटर ट्रॉलीवर. ड्रायव्हर टिकत नसत. एक पळाला, एकाला कंपनीत नोकरी लागली, एक लग्नाच्या जेवणावळीत दारू पिऊन मांडवातच झोपला. आई माहेरी ट्रॅक्टर चालवून आलेली. तात्यांनी नाइलाजानं चावी तिच्या हातात दिली आणि मग ती तिच्याच हातात राहिली. तिच्या शेजारी डावीकडं बसून मी किती मांडव पाहिले असतील. नऊवारीचा ओचा सीटखाली दाबून, पदर कमरेला खोचून ती बसायची, आणि गाडी चढाला लागली की दातांत सुपारी धरायची. घाट संपेपर्यंत ती सुपारी फुटत नसे. भूगावच्या नव्या सोसायट्यांच्या फाटकावरची पोरं मोबाइल काढून तिचे फोटो घेत. ती म्हणायची, "काढू दे. फुकाट हाय."

आता माल लादायची पद्धत सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. हलकं पुढं, जड मागं. जनरेटर ट्रॉलीच्या अगदी शेवटच्या टोकाला ठेवायचा. मांडवाच्या जागी तो सगळ्यात आधी उतरवायचा असतो म्हणून, हे एक कारण. दुसरं कारण तात्या सांगत आणि सगळे माना डोलवत: "गाडीच्या मानेवर वझं नगं." पिकपला मान कुठं असते, हे मी कधी विचारलं नाही. कुणीच विचारलं नाही.

पिरंगुटचा घाट चढून आम्ही भुकूमच्या बाजूला उतरत होतो. स्वच्छ उन्हाची दुपार, रस्ता कोरडा, आईच्या दातांत सुपारी. उतारावर गाडीला जरा वेग आला आणि मला माझ्या सीटखाली काहीतरी वळवळल्यासारखं झालं. आईनं आरशात पाहिलं. ट्रॉली डावीकडं गेली, उजवीकडं गेली, पुन्हा डावीकडं, दर खेपेला जास्त. मागून कुणीतरी पिकपचं शेपूट धरून हिसकतंय असं वाटत होतं. आईनं ब्रेक दाबला. कुणीही दाबला असता. त्यासरशी मागचं सगळं ओझं पुढं रेटलं गेलं, पिकप आडवी झाली, हुकाची पिन तुटली आणि ट्रॉली चरात जाऊन उलटली. पाइप रस्ताभर घरंगळत गेले. त्यांचा तो देवळातल्या घंटांसारखा आवाज मी आजही विसरलेले नाही. माणूस कुणी खाली सापडलं नाही. जनरेटरचा चेंदामेंदा झाला. आईच्या ओठातून रक्त येत होतं. सुपारी फुटली होती.

संध्याकाळपर्यंत गावानं निकाल देऊन टाकला. बाईमाणूस, दुसरं काय. डेअरीपाशी दूध आणायला मी किटली घेऊन गेले तेव्हा तिथं आबा बसलेले होते. आबा म्हणजे गावातले मोठे जमीनदार, अर्धा डोंगर त्यांचा, आणि त्यातला बराचसा त्यांनी बंगल्यांना विकलेला. अण्णांच्या पत्रकांचा रोख बहुतेक वेळा त्यांच्यावर असे, म्हणून ते माझ्याकडं बघून मुद्दाम मोठ्यानं बोलले. "शैलाच उलाळ हाय," ते आईचं नाव घेऊन म्हणाले. "बाई उलाळ आसल्यावर गाडी सरळ कशी चालायची?" सगळे हसले. दूध मोजणारा पोरगाही हसला. मी उलटून काहीतरी बोलले, काय ते आठवत नाही. त्या वयात माझ्याकडं 'भांडवलशाहीचे दलाल' वगैरे शब्द तयार असायचे आणि ते कुठंही बसत. पण आबांच्या एका शब्दापुढं माझे सगळे शब्द कागदी पडले. घरी येईपर्यंत दूध किटलीतून हिंदकळून माझ्या पायावर सांडत होतं.

दुसऱ्याच दिवशी तात्यांनी चावी काढून घेतली. वाईट बोलले नाहीत. वाईट बोलले असते तर आईला सोपं गेलं असतं. ते म्हणाले, लोक मांडव द्यायचे नाहीत, शैला, मी काय करू? चावी त्यांच्या सोप्यातल्या खिळ्याला लागली आणि गाडी त्यांच्या मेहुण्याला, संतोषला मिळाली. आईला बसून करायचं काम दिलं: मांडवाच्या झालरी शिवायच्या. ती मागच्या खोलीत मशीन घेऊन बसली. पुढच्या खोलीत अण्णांचं मशीन, मागच्या खोलीत तिचं; दोन्ही पायानं चालणारी. आईनं तक्रार केली नाही आणि त्याचाच मला संताप येत होता. मला वाटायचं तिनं ओरडावं, ताट फेकावं. तिनं फक्त सुपारी खायची बंद केली.

मी अण्णांना विचारलं, उलाळ म्हणजे काय? शिवी म्हणून माहीत होतं. हाताबाहेर गेलेली, लगाम नसलेली, चार लोकांत जास्त बोलणारी बाई म्हणजे उलाळ. अण्णा खिळे जुळवत होते. त्यांना शब्दाचं मूळ सांगायला नेहमीच आवडे. ते म्हणाले, "शिवी नंतरची. मूळ शब्द बैलगाडीचा. गाडीत ओझं मागं जास्त झालं की मागची बाजू खाली जाते, पुढची वर उचलते. जू बैलांच्या मानेवरून उठतं. मग बैलांचा गाडीवर ताबा राहत नाही. अशा गाडीला उलाळ म्हणतात."

मागच्या खोलीत शिलाई मशीन थांबलं.

आई दारात येऊन उभी राहिली. हातात झालर तशीच. "जनरेटर मागं व्हता," ती म्हणाली. कुणाला उद्देशून नाही, नुसतंच. मग तिनं झालर ट्रेडलवर टाकली आणि जमिनीवर बसून अण्णांच्या पावतीपुस्तकांचे गठ्ठे एका फळीवर मांडून, फळीखाली लाटणं ठेवून, गठ्ठे पुढंमागं करत बराच वेळ बसली. अण्णांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मी त्यांना खूण केली.

आता कुणी असं समजू नये की आईला साक्षात्कार झाला आणि गोष्ट संपली. आईचा शब्दावर विश्वास नव्हता. शब्दांचा धंदा अण्णांचा. तिला करून बघायचं होतं. त्यासाठी गाडी हवी आणि चावी तात्यांच्या खिळ्याला. तात्या आणि संतोष नवा जनरेटर बघायला गेले त्या दिवशी आई सरळ त्यांच्या सोप्यात गेली आणि काकूंना म्हणाली, मला गाडी पायजे. काकू तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "मी दिली न्हाई," त्या म्हणाल्या, "तू घेतलीस. मी बगितलंबी न्हाई." आणि सूप घेऊन आत गेल्या. माझ्या काकूंचं नाव कुठल्याही चळवळीच्या इतिहासात येणार नाही, म्हणून ते वाक्य इथं लिहून ठेवते.

गावाच्या वरच्या अंगाला एका बिल्डरनं प्लॉट पाडून ठेवले होते. गुळगुळीत डांबरी रस्ते, विजेचे खांब, फाटकावर कारंजं, आणि घर एकही नाही. या रस्त्यांच्या विरोधात अण्णांनी तीन रंगांत पत्रक छापलं होतं. त्या रस्त्यांचा पहिला खरा उपयोग आईनं केला. आम्ही दुरुस्त होऊन आलेली ट्रॉली जोडली, वाळूची पोती भरली आणि आधी सगळी मागं रचली. पहिल्या गिअरमध्ये काही झालं नाही. दुसऱ्यातही नाही. उताराच्या रस्त्याला वेग जरा वाढला आणि सीटखाली पुन्हा तीच वळवळ आली. आईनं या खेपेला ब्रेकला पाय लावला नाही. पाय नुसता ॲक्सिलरेटरवरून उचलला आणि स्टिअरिंग सरळ धरून बसली. ट्रॉली दोनदा हेलपाटली आणि गपगार मागं आली. "बग," आई म्हणाली. मग आम्ही पोती पार पुढं, हुकाजवळ रचली. तर पिकपचं बूड बसलं, नाक वर झालं, स्टिअरिंग हातात हलकं लागायला लागलं. तेही चुकीचं. मग चाकाच्या आसाच्या थोडं पुढं. थोडंच. हुकावर वजन आहे हे कळावं, पण पिकपनं गुडघे टेकू नयेत इतकं. आणि त्या मांडणीनं आई तोच उतार उतरली तेव्हा ट्रॉली अशी मागं आली, जशी शाळेत जाणारी शहाणी पोर. आम्ही पोती उचलून उचलून घामानं निथळलो होतो. कारंज्याच्या कोरड्या हौदावर बसून आईनं कनवटीची सुपारी काढली.

"बैलाच्या मानंची दया यांनी पिकपला लावली," ती म्हणाली, आणि खूप दिवसांनी हसली.

हे मला आजही विलक्षण वाटतं. आमच्या गावाची चूक निष्ठुरपणाची नव्हती. पिढ्यान् पिढ्या बैलाच्या मानेला जप म्हणून शिकवलेले लोक. बैल गेले, शिकवण राहिली. ती शिकवण त्यांनी हुकाला बांधली. पण त्या दयेचा एक थेंबही गाडी चालवणाऱ्या बाईच्या वाट्याला आला नाही, आणि तिथं माझी सहनशक्ती संपते.

मी पत्रक लिहिलं. मथळा: 'उलाळ कोण?' खाली आबांचं वाक्य जसंच्या तसं, आणि मग ट्रॉलीचा सगळा हिशेब. जड वस्तू आसाच्या पुढं का. ट्रॉलीवर माणसं का बसवायची नाहीत. नुसत्या पिनवर भरवसा न ठेवता हुकाखालून दोन साखळ्या फुलीसारख्या का बांधायच्या. उतारावर आधीच खालचा गिअर का टाकायचा. आणि हेलकावा आला तर ब्रेक न दाबता काय करायचं. मथळ्याला मोठा लाकडी टाइप घेतला तर त्यात 'ळ' नव्हता. कुणाला लागतो एवढा मोठा ळ? अण्णांनी जुन्या पाटाचा तुकडा घेऊन तो कोरला, अर्थातच उलटा. मग मजकूर वाचून त्यांनी चष्मा कपाळावर घेतला. शेवटी मी लिहिलं होतं, 'सर्वांनी सुरक्षितता पाळावी.' ते म्हणाले, "हे सरकारी खातं बोलतंय. मागणी कुठंय?" मी 'बदनामी मागे घ्या' असं लिहिलं. आई मागून आली, तिनं ती ओळ माझ्याकडून वाचून घेतली आणि म्हणाली, "बदनामी मागं घिऊन मी काय करू? तिच्यावर घाट चडतोय व्हय?" मग तिनं स्वतः सांगितली ती मागणी आम्ही छापली. एकच शब्द: 'चावी.'

आबांच्या नातवाचं लग्न भूगावच्या एका लॉनवर होतं आणि मांडव तात्यांचा. निघायच्या दिवशी सकाळी मी आणि अण्णांनी पत्रकं वाटली. डेअरीवर, पिठाच्या गिरणीत, शाळेपाशी. लग्नाच्या पत्रिकाही आमच्याच मशीनवर छापलेल्या, त्यामुळे काही घरांत दोन्ही कागद एकत्रच गेले, एकाच शाईचे. आम्ही तात्यांच्या अंगणात पोचलो तेव्हा ट्रॉली भरून तयार होती. नवा जनरेटर मागच्या टोकाला. पाइपांच्या ढिगावर नवरदेवाचे चार-पाच मित्र चढून बसलेले, डोक्याला फेटे. संतोष स्टिअरिंगवर. आणि आई ट्रॉलीच्या, हुकात अडकवलेल्या दांडीवर बसलेली, पदर खोचून, जशी एखादी बाई जात्यापाशी बसते.

तात्या तिला हळू आवाजात समजावत होते. लग्नाचं काम आहे, वेळ जातोय, घरची अब्रू. आई म्हणाली, जनरेटर पुढं घ्या, पोरं उतरवा, मी उठते. फेटेवाल्यांपैकी एक वरून म्हणाला, "काकू, बसा की, तुमालाबी नेतो." ती म्हणाली, "मला न्हिऊन बग. तुज्या आईला इचारून ये आदी." तेवढ्यात आबा आले. त्यांच्या हातात पत्रक होतं. मला माझ्याच छातीतलं ट्रेडल ऐकू यायला लागलं.

"ह्ये कुनी लिवलं?" आबांनी विचारलं.

"मी," मी म्हणाले. "वाक्य तुमचं आहे. बाकीचं माझं."

त्यांनी माझ्याकडं पाहिलंही नाही. ते आईला म्हणाले, "शैले, ऊट."

आई उठली. मला वाटलं, संपलं. पण ती ट्रॉलीच्या मागं गेली, चाकांना दगड लावले, शेपटाखाली एक लाकडी ओंडका सरकवला आणि पोरांना म्हणाली, पडायचं नसंल तर उतरा. तिचा आवाज ऐकून ती उतरली. मग ती पुढं आली. "आबा," ती म्हणाली, "तुमी बैलगाड्या हाकल्या. मी न्हाई. हितं उबं ऱ्हा आन बगा." आणि तिनं पिनची कडी काढून, अंग बाजूला ठेवून, पिन ओढली.

दांडी हुकातून सुटली आणि आपोआप वर उचलली गेली. कुणी हात लावला नव्हता. मागं ओंडक्यावर ट्रॉली करकरत टेकली. आणि मी आयुष्यात विसरणार नाही असं काहीतरी झालं: आबांचा हात पुढं गेला. त्यांनी ठरवून केलं नाही. उठलेल्या दांडीवर त्यांनी तळवा ठेवला आणि ती खाली दाबली, जसं उठलेलं जू माणूस दाबतो, बैल बिथरायच्या आत. किती वर्षांपूर्वी त्यांचे बैल गेले असतील. हाताला माहीत होतं.

"काय झालीया गाडी, आबा?" आईनं विचारलं.

आबांचा हात तसाच दांडीवर.

"तुमचाच शबुद हाय," आई म्हणाली. "बोला की."

"उलाळ," आबा म्हणाले. मग त्यांनी हात काढला, धोतराला पुसला आणि तात्यांवर ओरडले, "बगतोस काय? घे तो जनरेटर फुडं. पोरं हायेत लग्नातली."

ते मागं वळले. माफी वगैरे काही नाही. जाता जाता एवढंच म्हणाले की गाडी उलाळ आहेच, पण बाईही आहे. आई म्हणाली, "आसू द्या." जनरेटर पुढं घेताना सगळ्यांत जास्त जोर लावत होता तो संतोष. काम झालं, पिन बसली, साखळ्या फुलीसारख्या बांधून झाल्या. तो केबिनकडं गेला, आणि चढला नाही. आईजवळ येऊन खालच्या आवाजात म्हणाला, "वैनी, मलाबी लागायचं. घाटात मागं हालतंय म्हून. पर सांगू कुनाला? बाईनं उलटिवली म्हून मला ठिवलाय. आन मीच म्हनू का, हालतंय?"

किती घाट तो जीव मुठीत धरून उतरला असेल, आणि का, तर त्याला बाई म्हणतील म्हणून. संतोषनं चावी तात्यांच्या हातात दिली नाही. गाडीतच ठेवली आणि मागं कापडाच्या गठ्ठ्यावर जाऊ लागला. आई म्हणाली, तिथं नाही, पुढं बस. तात्या मागं साखळ्या तपासायला गेले. काकू सोप्यात उभ्या होत्या. रिकामा खिळा त्यांच्या डोक्यावर होता.

आम्ही तिघं पुढं बसलो आणि घाट उतरलो. खालच्या गिअरमध्ये, सावकाश, मागच्या गाड्यांचे हॉर्न ऐकत. सुपारी शाबूत राहिली. मला वाटत होतं की आईनं काहीतरी बोलावं, निदान विजयाची एखादी घोषणा; मी पत्रकांवर वाढलेली पोरगी. ती फक्त म्हणाली, "आरशात बगत ऱ्हा."

आज आई तीच ट्रॉली ओढते, पिकप मात्र बदलली. तळ्याकाठच्या बंगल्यांवर शनिवार-रविवारी येणारे लोक मोठमोठ्या गाड्यांच्या मागं बोटी लावून आणतात आणि आमच्या घाटात त्यांची शेपटं हलताना दिसतात. आई त्यांना थांबवून सांगते. काही ऐकतात, काही काच वर करतात. गावात तिला अजून उलाळ म्हणणारे आहेत, कारण शब्द सहजासहजी मरत नाही. म्हणून त्या लग्नानंतर आईनं अण्णांकडून एक काम करून घेतलं. गाड्यांच्या मागं लोक देवाचं नाव लिहितात, आईवडिलांचा आशीर्वाद लिहितात. ट्रॉलीच्या मागच्या फळीवर तिनं पिवळ्या रंगात मोठ्या अक्षरांत एकच शब्द लिहून घेतला: उलाळ. अण्णांनी त्यातला ळ हौसेनं काढला, या वेळी सुलटा.

आता जड वस्तू घेऊन कुणी मागच्या टोकाशी आला की त्याला आधी तो शब्द वाचावा लागतो. आणि ज्यांना तो आईला उद्देशून म्हणायचाय त्यांनी खुशाल म्हणावा. पण रस्त्यावर तो मागूनच वाचता येतो. पुढं आई असते.